तो विंचू नव्हता



दर तिमाहीला या पानावर मी शिवणवर्ग, बचतगट किंवा गावातल्या मुलांचा अभ्यास यांविषयी लिहिते. या वेळी एका लहानशा जनावराविषयी लिहीत आहे. आपल्या कामाशी त्याचा काय संबंध, असे प्रथम वाटेल. मलाही एका रात्रीपर्यंत तसेच वाटले असते.

पावसाळ्याचे पहिले दिवस होते. तालुक्यातल्या जंगलकाठच्या एका गावात बचतगटाची बैठक लांबली आणि मी एका गोंड कुटुंबाकडे मुक्कामाला राहिले. वीज गेली होती. मध्यरात्रीच्या सुमारास जमिनीवर चटईवर झोपलेला घरातला सात वर्षांचा मुलगा किंचाळून उठला आणि पायाचा अंगठा धरून रडू लागला. वडिलांनी बॅटरी लावली. उजेड पडताच कुडाच्या भिंतीवरून पिवळट-तपकिरी रंगाचे, केसाळ, दहा पायांचे वाटणारे काहीतरी सरसर खाली आले आणि वाऱ्याच्या वेगाने चटईवरून पळाले. आजोबांनी चपलेने त्याला जागीच मारले.

"ताई, याच्यानंच केलं पोराले. आता मारलं त्याले, आता उतरते," ते म्हणाले.

सगळ्यांना हायसे वाटले. शेजारच्या पुजारीबाबांना बोलावले, झाडपाला लावला, मंत्र झाले. खरे सांगायचे तर मीही गप्प बसले. चावणारा सापडला, मेला, आता थोडे दुखेल आणि थांबेल, असेच मला वाटले. पण तासाभराने मुलाचे सगळे अंग घामाने भिजले. दोनदा उलटी झाली. हातपाय बर्फासारखे गार पडले. तेव्हा मात्र आम्ही कोणाचीही वाट पाहिली नाही. शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मुलाला मधे धरून आम्ही साकोलीचे रुग्णालय गाठले. निघताना मी ते मेलेले जनावर एका डबीत घातले होते.

डॉक्टरांनी मुलाला तपासले, मग डबी उघडून पाहिली आणि म्हणाले, "याला नांगीच नाही. हा काही करू शकत नाही. पोराला विंचू लागला आहे." रात्रभर उपचार चालले. सकाळी घरी आईने भिंतीशी रचलेला सरपणाचा ढीग हलवला, तेव्हा चटईच्या कडेपासून हातभर अंतरावर लालसर रंगाचा लहान विंचू निघाला.

देवाच्या दयेने मूल वाचले. तिसऱ्या दिवशी घरी गेले. पण चुकीच्या जनावराला दोषी ठरवून आम्ही सव्वा तास घालवला होता, आणि त्यात माझाही वाटा होता. म्हणून हा लेख.

मग तो कोण होता?

त्याला इंग्रजीत विंड स्कॉर्पियन, म्हणजे वाऱ्याचा विंचू म्हणतात. कॅमल स्पायडर हे त्याचे दुसरे नाव, त्यावरून आपण त्याला उंटकोळी म्हणू. पण तो विंचू नाही आणि कोळीही नाही. विंचू, कोळी आणि गोचीड हे जसे एकाच मोठ्या कुळाचे, तसाच हाही त्या कुळाचा, पण त्याचे घर वेगळे. शास्त्रज्ञ त्याच्या गटाला सॉलिफ्युजी म्हणतात. या लॅटिन शब्दाचा अर्थ सूर्यापासून पळणारे.

जगात या गटाच्या अकराशेहून अधिक जाती आहेत. ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका सोडले तर सगळ्या खंडांत त्या आढळतात. त्यांचा खरा मुलूख म्हणजे वाळवंट आणि कोरडी, उघडी जमीन. आफ्रिकेतला सहारा, अरबस्तान, इस्राएल लोक ज्या रानातून चालत गेले तो सीनायचा प्रदेश, आपल्याकडे राजस्थानचे थर आणि गुजरातचा कच्छ ही त्यांची ठिकाणे. भारतातल्या एका जातीचे नावच गॅलिओडिस इंडिकस असे आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले अभ्यासक रेजिनाल्ड पोकॉक यांनी १९०० साली तिचे वर्णन केले. त्याच वर्षी भारतातले कोळी, विंचू आणि हे उंटकोळी यांची माहिती देणारा त्यांचा ग्रंथही प्रसिद्ध झाला.

आपला भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. त्यामुळे बांधीत किंवा दाट झाडीत हा प्राणी दिसायचा नाही. मुरमाड टेकाड, खडकाळ माळ, विरळ झुडपी जंगल अशा कोरड्या जागी मात्र तो राहू शकतो. दिवसभर दगडाखाली किंवा बिळात असतो आणि अंधार पडल्यावर निघतो. म्हणून गावात अनेकांनी तो आयुष्यात एकदोनदाच पाहिलेला असतो. क्वचित दिसणाऱ्या गोष्टीविषयी भीती लवकर तयार होते.

कसा ओळखावा?

हे प्रत्येक घरात माहीत असावे, म्हणून सोपे करून सांगते.

विंच्वाला पुढे खेकड्यासारखे दोन चिमटे असतात आणि मागे गाठीगाठींची शेपटी असते. ती वर वळलेली असते व तिच्या टोकाला नांगी असते. विष त्या नांगीत असते. विंचू शक्यतो सावकाश चालतो आणि अडचणीत दबून बसतो.

उंटकोळ्याला शेपटी नसते. नांगी नसते. अंग लांबट व मऊ, त्यावर केस. त्याला दहा पाय आहेत असे वाटते, पण पाय आठच आहेत. सर्वांत पुढची जोडी ही हातासारखी असते. तिच्या टोकाला चिकटणारे अवयव असतात, त्यांनी तो भक्ष्य पकडतो आणि गुळगुळीत जागेवरही चढतो. तोंडापुढे वरखाली चालणाऱ्या जबड्यांच्या दोन मोठ्या जोड्या असतात. अंगाच्या मानाने एवढे मोठे जबडे फार थोड्या प्राण्यांना असतात. आणि तो पळतो, थांबतो, वळतो, पुन्हा पळतो. एका जागी बसत नाही.

तो विषारी आहे का? नाही. त्याला विषग्रंथी नाहीत. १९७८ साली आपल्याच देशातल्या एका जातीत विष असल्याचा दावा झाला होता, पण पुढे त्याला दुजोरा मिळाला नाही. हाताने पकडला तर मोठा उंटकोळी कडकडून चावू शकतो, कातडी फाटू शकते, दुखते. अशा वेळी जखम साबणाने स्वच्छ धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी दवाखान्यात विचारावे. त्यापलीकडे घाबरण्याचे कारण नाही.

तो आपल्या मागे का धावतो?

"तो माणसाच्या मागे लागतो," असे गावातल्या एका आजीने मला सांगितले. आजी खोटे बोलत नव्हती. उन्हात दगड उचलला गेला तर हा प्राणी सावली शोधतो, आणि जवळ असलेली एकच सावली बहुधा आपली असते. आपण घाबरून पळालो की सावलीही पळते आणि तोही तिच्यामागे येतो. आपण जागेवर उभे राहिलो तर तो सावलीत येऊन थांबतो. बिचारा माणसापासून नाही, सूर्यापासून पळत असतो.

रात्री तो दिव्याकडे येतो, कारण दिव्याभोवती किडे असतात. पहिला पाऊस पडला की पंख फुटलेली उधई झुंडीने दिव्याभोवती जमते, हे आपण दरवर्षी पाहतो. त्या रात्री तो त्याच शिकारीवर आला असावा.

अफवा केवळ आपल्याच गावात पसरतात असे नाही. २००३ साली इराकचे युद्ध सुरू झाल्यावर तिथल्या सैनिकांमधून या प्राण्याच्या गोष्टी जगभर गेल्या. तो झोपलेल्या माणसाचे मांस खातो, उंटाचे पोट फाडतो, असे सांगितले जाई. एका छायाचित्रात तो माणसाच्या मांडीएवढा दिसत होता. प्रत्यक्षात एकमेकांना धरून लोंबणारे दोन उंटकोळी कॅमेऱ्याच्या अगदी जवळ धरले होते, म्हणून ते तेवढे मोठे दिसले. शिकलेली माणसेसुद्धा फसली. तेव्हा आपल्या आजोबांना हसण्याचे कारण नाही.

वाळवंटातले त्याचे काम

देवाने या जनावराला कोरड्या रानासाठी कसे घडवले आहे, ते पाहण्यासारखे आहे. त्याला लागणारे पाणी मुख्यतः भक्ष्यातूनच मिळते. विंच्वाचे श्वसन पानांच्या चळतीसारख्या अवयवांनी चालते, तर उंटकोळ्याच्या अंगभर हवेच्या बारीक नळ्या असतात. त्यामुळे प्राणवायू भराभर पोहोचतो आणि तो एवढा पळू शकतो. मागच्या पायांच्या बुडाशी बॅडमिंटनच्या रॅकेटच्या आकाराचे इवले अवयव असतात, प्रत्येक पायाला पाच. जमिनीवरचा वास ओळखायला ते उपयोगी पडतात.

उधई, भुंगेरे, नाकतोडे, कोळी, कधी लहान पाल, एवढेच काय, विंचूसुद्धा तो खातो. भक्ष्य जबड्यांनी चिरडून, त्यावर पाचकरस सोडून, पातळ झालेले तो ओढून घेतो. त्याची भूक मोठी असते, कारण त्याचे आयुष्य बहुधा वर्षभराचेच. मादी जमिनीत बीळ खणून पन्नासपासून दीडदोनशेपर्यंत अंडी घालते. काही जातींत पिल्ले हिंडू-फिरू लागेपर्यंत ती त्यांच्याजवळ राहते. तो स्वतः घुबड, कोल्हा, सरडा, मोठा विंचू यांचे अन्न होतो. जिथे गवताची काडीही मोजकी, तिथे किड्यांपासून घुबडापर्यंतच्या साखळीतली ही एक कडी आहे. ज्या घराचे लाकूड उधई पोखरते, त्या घराच्या भिंतीवर उधई खाणारा आला होता आणि आम्ही त्याला मारले.

त्यातून एक लहान गोष्ट मी गावात सांगू लागले आहे. मोहफूल वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची सवय आहे. त्या आगीत जमिनीवरचे असे कितीतरी जीव जातात आणि आग जंगलात शिरली तर माणसांचेही नुकसान होते. पाचोळा झाडून बाजूला केला, किंवा झाडाखाली जाळी अंथरली, तरी फुले स्वच्छ मिळतात.

खरा धोका आणि एका डॉक्टरांचे काम

आता खऱ्या विंच्वाकडे वळू. आपल्याकडे मोठ्या काळ्या विंच्वाला, इंगळीला, लोक जास्त भितात. इंगळीची वेदना मोठी असते हे खरे. पण महाराष्ट्रात माणसांचे, विशेषतः लहान मुलांचे, जीव घेतले ते प्रामुख्याने लहानशा लाल विंच्वाने. चिमटे बारीक आणि शेपटी जाड असा विंचू जास्त धोक्याचा, हा साधारण ठोकताळा आहे.

रायगड जिल्ह्यातल्या महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या गरीब घरात वाढलेले हे डॉक्टर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू लागलेली माणसे त्यांच्या डोळ्यांदेखत दगावत होती. वेदनाशामक देऊन उपयोग होत नव्हता. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून पाहिले, नोंदी ठेवल्या आणि मरण कशाने येते ते शोधले. लाल विंच्वाच्या विषाने शरीरात ताण वाढवणाऱ्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. घाम, उलटी, गार पडलेले हातपाय ही त्याची सुरुवातीची चिन्हे.

त्यावर त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी वापरून पाहिली. आवळलेल्या रक्तवाहिन्या तिने सैल होतात. १९८६ साली त्यांचे हे निष्कर्ष लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आले. गंभीर विंचूदंशात पूर्वी शंभरातले चाळीसच्या आसपास रुग्ण दगावत, ते प्रमाण एकावर आले. पुढे डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिले तर रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हेही दाखवून दिले. ते संशोधन २०११ साली प्रसिद्ध झाले. मुंबईच्या हाफकिनमध्ये हे प्रतिविष तयार होते. २०२२ साली डॉ. बावस्कर यांना पद्मश्री मिळाली.

एवढे सगळे झाले, तरी एक गोष्ट राहतेच. औषध आहे, पण मूल वेळेवर पोहोचले पाहिजे. गावातल्या चटईपासून रुग्णालयाच्या खाटेपर्यंतचा रस्ता डॉक्टर कापू शकत नाहीत. तो आपणच कापायचा आहे.

काय करावे

विंचू लागला, किंवा अंधारात काय लागले ते कळले नाही, तर शोधत बसू नका. जनावर सहज दिसले तर नीट पाहून ठेवा, पण त्यासाठी थांबू नका. मुलाला चालवू नका. अंगठी, तोडे, काळा दोरा काढा. जागा कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. लगेच १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. लहान मुलाच्या बाबतीत घाम आणि उलटीची वाट न पाहता निघायचे. गोळ्या आपल्या मनाने द्यायच्या नाहीत, ते डॉक्टरांचे काम.

आणि लागूच नये म्हणून सरपण व कवेलू भिंतीपासून दूर रचा. तणसात उघडा हात घालू नका. पादत्राणे झटकून घाला. शक्य असेल तर मुलांना खाटेवर, मच्छरदाणीत निजवा. रात्री बाहेर जाताना बॅटरी घ्या. तेंदूपत्त्याच्या दिवसांत पहाटे निघणाऱ्या बायांना हे विशेष सांगते.

पुजारीबाबांविषयी माझ्या मनात राग नाही. अर्ध्या रात्री हाकेला धावून येणारा तो गावातला माणूस आहे. त्या घटनेनंतर मी त्यांच्याकडे गेले, डबीतले जनावर दाखवले, सगळे सांगितले. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, आता कोणी आलं तर पयले गाडीत बसवतो, मंतर रस्त्यानं म्हणतो." मला तेवढे पुरे आहे.

आपल्या मंडळीसाठी

आपल्याही घरांत एक विचार मी ऐकते. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभूने शिष्यांना सापांवर व विंचवांवर अधिकार दिला आहे, मग विश्वासणाऱ्याने दवाखान्यात का जावे? विचारणाऱ्याची श्रद्धा खरी असते, म्हणून उत्तरही नीट दिले पाहिजे. त्याच शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात सैतान प्रभूला मंदिराच्या शिरोभागी नेतो आणि देवाच्या संरक्षणाचे वचन दाखवून उडी टाकायला सांगतो. प्रभूने उडी टाकली नाही. देवाच्या वचनाने देवाची परीक्षा पाहायची नसते, हे त्याने दाखवून दिले. आणि हे लिहून ठेवणाऱ्या लूकला पौल कलस्सैकरांच्या पत्रात प्रिय वैद्य म्हणतो. प्रार्थना अवश्य करा. त्या रात्री मीही मोटारसायकलवर मागे बसून, मुलाला धरून, सबंध रस्ताभर केली. पण गाडी थांबवून केली नाही.

ईयोबाच्या ३८ व्या आणि ३९ व्या अध्यायांत देव ईयोबाला माणसाच्या काहीच कामाचे नसलेले प्राणी दाखवतो: रानगाढव, शहामृग, कड्यावरची गरुडाची कोटी. त्यांची काळजी तो घेतो, आणि ईयोबाला त्यांच्याविषयी फारसे ठाऊकही नसते. डबीतल्या त्या केसाळ जनावराकडे पाहताना मला ते अध्याय आठवले. आम्हाला त्याचे नावसुद्धा माहीत नव्हते, तरी आम्ही त्याला दोषी ठरवले होते.

आता गावातल्या मुलांना मी विंचू, इंगळी, उंटकोळी आणि गोम यांची मोठी चित्रे दाखवते. नांगी कोणाला आहे, ते मुले ओळखतात. तो मुलगा त्यांत सगळ्यांत पुढे बसतो आणि उत्तर सगळ्यांत आधी देतो. अंगठाही दाखवतो. आपल्या शब्बाथ शाळेतली मुले अशी चित्रे काढून पाठवतील, तर आणखी गावांत ती लावता येतील. ज्यांना शक्य आहे त्यांनी एखादी चांगली बॅटरी किंवा मच्छरदाणी द्यावी. जंगलकाठच्या घरात तिचे मोल मोठे आहे.

या पावसाळ्यात जमिनीवर निजणाऱ्या लेकरांसाठी, त्यांच्या आयांसाठी, आणि रात्रपाळीला जागणाऱ्या डॉक्टर व परिचारिकांसाठी प्रार्थना करावी, ही विनंती. प्रभू आपणा सर्वांना सांभाळो.